वहीत ४६ टक्के बचत, खात्यात १४ टक्के जादा खर्च

माझ्या एका मैत्रिणीने वर्षभर आठ वस्तू दुकानातून आणायच्या नाहीत, घरीच करायच्या असं ठरवलं: ब्रेड, दही, लोणी, अंगाचा साबण, कपडे धुण्याची पावडर, ओटा-फरशी पुसायचा क्लीनर, टूथपेस्ट आणि हाताला लावायचं क्रीम. घरात माणसं चार. ती, नवरा, सासूबाई आणि अकरा वर्षांचा मुलगा. हेतू अगदी सरळ होता, पैसे वाचवायचे. त्यासाठी तिने एक वही घातली आणि ती वही खरोखर नेमाने लिहिली. हे मुद्दाम सांगते, कारण बहुतेक वह्या तिसऱ्या आठवड्यात बंद पडतात.

बाराव्या महिन्याच्या शेवटी वही म्हणत होती, ४६ टक्के बचत. नवऱ्याने त्याच रात्री बँकेचं स्टेटमेंट काढलं. घरसामानाचा खर्च कमी झाला नव्हता, उलट थोडा चढला होता. भांडण झालं नाही, पण जेवताना कुणी फार बोललंही नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्याकडे आली, कारण हिशोब तपासणं हे माझं रोजचं काम. "अगं, मी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही," हे तिचं पहिलं वाक्य. ते खरंच होतं. आकडे सगळे खरे होते, चुकलं होतं ते वजाबाकीत वरच्या ओळीला काय लिहायचं ते.

पुढचे सगळे आकडे आम्ही असे मांडले: आधीच्या वर्षी या आठ वस्तूंवर जे गेलं ते १००. वहीप्रमाणे नव्या वर्षाचा खर्च ५४ यायला हवा होता. आम्ही दोन संध्याकाळ बसून पावत्या, स्टेटमेंट आणि वही एकमेकांशी ताडून पाहिल्या, तेव्हा आला तो ११४. त्यात कच्चा माल ५८, उपकरणं आणि भांडी २२, वीज-गॅस ९, बिघडून फेकलेल्या मालाचे घटक ११, आणि "आज वेळ नाही, आणा दुकानातून" म्हणून मधूनमधून आणलेलं १४. वहीत यातला फक्त कच्चा माल होता, तोही थोडा कमीच.

ब्रेडपासून सुरुवात केली, कारण बचतीचा सगळ्यात फुगलेला आकडा तिथे होता.

तिची पाककृती चांगली आहे. मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२५, मीठ १०, कोरडं यीस्ट ५. भाजून निघालेला पाव साधारण पाऊण किलोच्या आसपास भरतो. वहीत दर पावापुढे लिहिलं होतं: दुकानातला दर २४०, घरचा ५२, बचत १८८. (इथे तिच्या घरी नेहमी येणारा ब्रेड त्याच वजनाला १०० धरला आहे.) मी विचारलं, हा २४० वाला ब्रेड कुठला? तर म्हणाली, बेकरीत मिळतो तो, हाताने केलेला, जाड सालाचा. "तो तुम्ही आणायचात?" ती थांबली. "एकदा आणला होता. वाढदिवसाला."

म्हणजे तुलना होती ती कधीही न घेतलेल्या वस्तूशी. त्यात तिचा लबाडपणा नव्हता. स्वतःच्या हातचं सगळ्यांनाच वरच्या प्रतीचं वाटतं. नॉर्टन, मोचॉन आणि एरिएली या तीन संशोधकांनी २०१२ मध्ये यावर प्रयोग छापले आहेत. कागदाच्या घड्या घालून केलेल्या वस्तूंना करणाऱ्या नवख्या माणसांनी जवळजवळ कसलेल्या कारागिराच्या कामाइतकीच किंमत लावली, आणि तीच वस्तू बाहेरच्यांना मात्र जेमतेमच वाटली. माझ्या मैत्रिणीने आपला पाव बेकरीतल्या त्या पावाशेजारी ठेवला, हे त्याच जातीचं. पण खिशातून जाणारे पैसे थांबतात ते जी वस्तू तुम्ही एरवी घेतलीच असती तिचे, आणि घेतली असती तेवढ्याचेच.

मग विजेचं. तिने ओव्हन लावण्याआधी आणि नंतर मीटर वाचला. हे तिनेच सुचवलं आणि मला फार आवडलं. मुलगा कागद-पेन घेऊन मीटरखाली उभा, ती ओव्हनपाशी. २३० अंशांपर्यंत तापायला वीस मिनिटं, भाजायला चाळीस. एका पावाला १.१ युनिट. दुसऱ्या दिवशी दोन पाव शेजारी ठेवून भाजले तर १.२. म्हणजे दुसरा पाव जवळपास फुकटात भाजला जातो. वीज खाते ती ओव्हनची पोकळी तापवायला. हे धरून एकेकटा पाव पडत होता ८३ ला, जोडीने भाजला तर ६९ ला. १०० शी तुलना केली तर बचत १७ किंवा ३१. एकशे अठ्ठ्याऐंशी नव्हे.

आणि तरी ब्रेडवरचा खर्च वाढला होता. कारण पाव गरम निघतो. घरात वास सुटला की तिघं ओट्याशी येऊन उभी राहतात, सुरी फिरते, अर्धा पाव निवायच्या आत संपतो. पूर्वी आठवड्याला दोन पाव लागायचे, आता साडेतीन. दोनशेच्या जागी साडेतीन गुणिले ८३, म्हणजे २९० झाले. चांगलं खाल्लं, आनंदाने खाल्लं, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्याला बचत म्हणता येत नाही.

यावर उपाय निघाला तो फ्रीझरमधला. दोन पाव एकदम भाजायचे, पूर्ण निवू द्यायचे, कापायचे, आणि एकाचे काप पिशवीत घालून थेट फ्रीझरमध्ये. फ्रिजच्या साध्या कप्प्यात नाही, कारण तिथल्या थंडीत पिठातला स्टार्च भराभर पुन्हा घट्ट होतो आणि पाव बाहेर ठेवल्यापेक्षाही लवकर शिळा लागतो. फ्रीझरमध्ये ती क्रिया जवळपास थांबते. काप काढून सरळ टोस्टरमध्ये. आता आठवड्याला अडीच पाव लागतात, ६९ च्या हिशोबाने १७२. दोनशेवर २८ वाचतात. हा आकडा वहीत लिहिताना तिचा चेहरा पडला होता. पण तो स्टेटमेंटमध्ये दिसतो, १८८ कधीच दिसला नव्हता.

दह्याची गोष्ट उलटी. वहीत ती एका ओळीत होती, कारण दही सासूबाई लावायच्या आणि त्यात मैत्रिणीला सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. पण आठ वस्तूंमधली खरी कमाई तीच. एक लिटर दुधाचं साधारण तेवढंच दही होतं, विरजण आदल्या दह्यातलं, खास आणावं असं काही नाही, हात गुंततात ते आठ-दहा मिनिटं. दुकानातल्या दह्याच्या १०० ला घरचं गॅससकट ५५. आणि मुख्य म्हणजे घरचं आहे म्हणून कुणी दुप्पट दही खाल्लं नाही.

मधे दोन-तीनदा बिघडलं, तेही तपासलं. काकूंची, म्हणजे तिच्या सासूबाईंची, रीत अशी: दूध चांगलं उकळायचं, मग करंगळी बुडवून सोसवेल इतकं निवलं की विरजण लावायचं. मैत्रिणीने थर्मामीटर आणला तेव्हा करंगळीचा अंदाज ४३ आणि ४५ च्या मधे निघाला. काकूंनी थर्मामीटरकडे फक्त पाहिलं. दही लावणारे दोन मुख्य जिवाणू, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, याच तापमानाला जोमाने वाढतात. फार गरम दुधात मरतात, गार दुधात रेंगाळतात. दूध ८५ अंशांच्या वर नेण्यालाही कारण आहे. त्या उष्णतेने दुधातल्या पाण्यात विरघळलेली प्रथिनं उलगडतात आणि केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला जाऊन चिकटतात, म्हणून कवडी घट्ट लागते आणि पाणी कमी सुटतं. नुसतं कोमट करून विरजलेलं दही पातळ राहतं ते यामुळे. बिघडलेल्या दिवशी मैत्रिणीने घाईत दूध निवायच्या आत विरजण टाकलं होतं. चौथ्या महिन्यात दह्याला तार सुटायला लागली तेव्हा काकूंनी विरजण बदललं आणि विषय संपला.

लोण्यावर फार वेळ घालवला नाही. तिने क्रीम विकत आणून घुसळलं होतं. क्रीममध्ये स्निग्धांश ३५ टक्के, लोण्यात ८०-८२. म्हणजे एक किलो लोण्याला सव्वादोन किलोच्या वर क्रीम लागतं. दुकानातलं क्रीम आणून लोणी काढणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, घुसळण्याच्या कष्टांआधीच. तापवलेल्या दुधावरची साय साठवून काढलं तर गोष्ट वेगळी, कारण साय आधीच घरात असते. पण त्यांच्याकडे येणारं दूध होमोजिनाइज्ड, म्हणजे स्निग्धांश आधीच एकजीव केलेलं, त्यावर साय जेमतेमच धरते. लोणी यादीतून गेलं.

कपडे धुण्याची पावडर हे या प्रकरणातलं सगळ्यात महाग पान, आणि वहीत ते सगळ्यात स्वस्त दिसत होतं.

कृती सगळीकडे फिरते ती: साबणाची वडी किसायची, धुण्याचा सोडा मिसळायचा, झाली पावडर. घटकांची किंमत विकतच्या डिटर्जंटच्या निम्म्याहून कमी. पहिले दोन महिने कपडे छान निघाले असं तिचं म्हणणं. मग मुलाचा शाळेचा पांढरा शर्ट राखाडी दिसू लागला. टॉवेल कडक झाले. अंग पुसलं तर पाणी शोषायचं सोडून अंगावर पसरायचं. मी तिच्याकडचा एक टॉवेल गरम पाण्याच्या बादलीत तासभर भिजवून पाहिला; धुतलेला, घडी करून कपाटात ठेवलेला टॉवेल. पाणी ताकासारखं झालं आणि वर एक मऊ, चिकट पापुद्रा धरला. बोटाने ओढला तर नखाखाली गेला तो निघेना.

तो पापुद्रा म्हणजे साबणच, पण कामातून गेलेला. तिच्या घरी येणारं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडतं आणि न विरघळणारा चिकटा तयार होतो. तो मळासकट धाग्यात बसतो. डिटर्जंट हा साबण नव्हे. जड पाण्यातही चिकटा धरू नये अशीच त्याची घडण असते, आणि चांगल्या पावडरीत प्रथिनं, स्टार्च आणि तेल तोडणारी वेगवेगळी विकरं (एन्झाइम) असतात. ती स्वयंपाकघरात बनत नाहीत. धुण्याचा सोडा पाणी थोडं मऊ करतो हे खरं, पण तिच्या प्रमाणात तो पुरेसा नव्हता. पाणी मऊ असलेल्या घरात हीच पावडर कदाचित चाललीही असती.

खर्च? सहा टॉवेल, शर्ट, आणि वॉशिंग मशीनच्या नळीत-ड्रममध्ये साचलेलं काढायला आलेल्या माणसाचं बिल. वहीत यातलं काहीच नव्हतं. "ते दुरुस्तीत गेलं ना," ती म्हणाली. आणि टॉवेल "कपड्यांत". आम्ही ते ११४ मध्येही धरलेलं नाही, कारण टॉवेल तसेही जुने झाले होते असं तिचं म्हणणं पडलं आणि मी वाद घातला नाही.

क्लीनरच्या बाटलीत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र होते. फेस आला की काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं, आणि घडतंही: आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात. पाच टक्क्यांच्या १०० मिलिलिटर व्हिनेगरला सात ग्रॅम सोडा पुरतो; सुमारे दोन लिटर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. तिने ते झाकण लावून ठेवलं होतं म्हणून एकदा बाटलीचं बूड फुगून ती ओट्यावर आडवी झाली. ओटा स्वच्छ होत होता तो फडक्याने आणि जोराने.

पण दोन्ही वेगवेगळे वापरले तर कामाचे. नळाच्या तोटीवरचा, किटलीतला पांढरा क्षार म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो व्हिनेगरने सुटतो. करपलेल्या तव्याला ओला सोडा. त्यांचा ओटा ग्रॅनाइटचा, म्हणून ठीक. संगमरवरावर व्हिनेगर टाकलं तर दगडच खातं. आणि ब्लीचच्या जवळपासही व्हिनेगर न्यायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. आता दोन बाटल्या, दोन चिठ्ठ्या, खर्च विकतच्या क्लीनरच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. ही बचत टिकली.

साबण तिचा लाडका होता, म्हणून त्यावर जरा हळू बोलले. पहिली खेप का फेकावी लागली ते मात्र शोधून काढलं. कृती खोबरेल तेलाची होती: ५०० ग्रॅम तेलाला सुमारे ८७ ग्रॅम कॉस्टिक सोडा. घरात ऑलिव्ह तेल जास्त होतं म्हणून तिने तेल बदललं, सोडा तेवढाच ठेवला. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा. ५०० ग्रॅम ऑलिव्हला ६७ ग्रॅममध्ये संपूर्ण साबण होतो, आणि थोडं तेल मुद्दाम मोकळं राहावं म्हणून त्याहून कमी, ६४ च्या आसपासच घालतात. तिच्या वड्यांत वीस ग्रॅम मोकळा सोडा उरला होता. हात धुतल्यावर भाजल्यासारखं झालं ते उगीच नाही. शिवाय मिश्रण ॲल्युमिनियमच्या पातेल्यात केलं. पातेलं काळं पडलं, फसफसलं, तो निघाला तो हायड्रोजन. खिडकी उघडी होती हे नशीब. काकूंनी तेव्हापासून स्वयंपाकघरात साबणाला बंदी घातली आणि मला ती योग्य वाटते.

दुसऱ्या खेपेपासून साबण उत्तम झाला. वजनकाटा, चष्मा, हातमोजे, साचे, सुगंधी तेलं, सगळं आलं. चार ते सहा आठवडे वड्या वाळवल्या. पण त्या सामानाची किंमत त्या घराच्या दोन वर्षांच्या साबणाइतकी आणि दर वेळी दीड तास हात अडकलेले. नातेवाइकांना वाटलेल्या वड्याही वहीत "बचत" म्हणून जमा होत्या.

वेळेचा हिशोब कसा धरायचा यावर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. ती म्हणाली, माझा वेळ फुकट आहे असं मी धरलं. घरकामाचं अर्थशास्त्र मांडणाऱ्या मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्ये एक सोपी कसोटी दिली होती: एखादं काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येत असेल तर ते उत्पादन, ते श्रम. व्यायाम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही, कणीक मळून घेता येते. पुढे १९६५ मध्ये गॅरी बेकर यांनी घरातल्या वेळेलाही किंमत असते हे आकडेमोडीत बसवलं. मला त्या कसोटीत एकच अडचण वाटते, आणि ती मैत्रिणीनेच दाखवली. रविवारी सकाळी कणीक मळणं तिला मनापासून आवडतं. साबण किसताना मात्र ती घड्याळ बघते. दोन्ही वीस-वीस मिनिटंच. एकाला मजुरी लावायची आणि दुसऱ्याला नाही हे शास्त्रात बसत नसेल, पण आम्ही तसंच केलं. फक्त हात गुंतलेली मिनिटं मोजली, पीठ फुगायची वाट पाहण्याचे तास नाहीत.

टूथपेस्ट तर दातांच्या डॉक्टरांनीच बंद केली. सोड्याने दात घासले जातात, पण त्यात फ्लोराइड नाही, आणि वाढत्या मुलाला कीड रोखायला तेच लागतं. क्रीममध्ये पाणी होतं आणि टिकवणारं काही नव्हतं, तिसऱ्या आठवड्यात झाकणाखाली बुरशी. यात तपासण्यासारखं काही उरलं नाही.

एक गोष्ट मात्र यादीबाहेरची होती आणि मला तिचीच धास्ती वाटली. ब्रेडला लावायला म्हणून तिने सोललेला लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवली होती, अकरा दिवस. तेलाखाली हवा नाही, लसणात आंबटपणा नाही. बोटुलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूला हेच हवं असतं. त्याची बीजं उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि विषाला ना वास ना चव. बरणी त्याच संध्याकाळी गेली. असं तेल करायचंच तर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दोन-चार दिवसांत संपवायचं, बरणी भरून नाही. स्वस्तात पडलं की नाही हा प्रश्न इथे नंतरचा.

तेराव्या महिन्यापासून वहीला दोन नवे रकाने आले. एक: "आपण आधी नेमकं काय घेत होतो, किती?" दुसरा: "फेकलं किती?" यादीत तीनच वस्तू राहिल्या, दही, ब्रेड आणि क्लीनर, बाकी पाच पूर्वीसारख्या दुकानातून. सहा महिन्यांनी त्याच आठ वस्तूंचा खर्च, १०० च्या त्याच मापावर, ८१ आला. कणीक मळायचं यंत्र, उपकरणांच्या २२ मधला सगळ्यात मोठा वाटा, अकरा वेळा वापरलं गेलं होतं. ते तिने विकलं, निम्म्याहून कमी किमतीला, आणि ती रक्कम जमेत धरायची का यावर नवऱ्याशी चर्चा केली. धरली नाही.

कॉस्टिक सोड्याचा अर्धा डबा मात्र उरला होता, वरच्या फळीवर, मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावून. मागच्या महिन्यात न्हाणीघराची मोरी तुंबली तेव्हा तिने हातमोजे घालून तो थोडा थोडा पाण्यात सोडला (पाण्यात सोडा, सोड्यावर पाणी कधीच नाही) आणि मोरीत ओतला. मोरी मोकळी झाली. संध्याकाळी तिने मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वस्तू: ड्रेन क्लीनर. आधी घेत होतो का: नाही, प्लंबरला न बोलावता तारेने काढायचो. बचत: ०.